रुळाची ऐरण

कराचीवाले मिस्त्री रिकाम्या ऐरणीवर हातोडा मारीत. भट्टी विझलेली, सांडशीत काही धरलेलं नाही, दारात गिऱ्हाईक नाही, आणि मिस्त्री आपले ठण्‌ ठण्‌ करीत उभे. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माणूस डोक्याने जरा सरकलेला आहे अशी माझी खात्री झाली. जेवायला बसण्याआधी आठ-दहा ठोके, हात धुतल्यावर पुन्हा आठ-दहा. दुपारी जरा पाठ टेकली तरी थोड्या वेळाने उठायचे, ठोके द्यायचे आणि पुन्हा आडवे व्हायचे. चेहरा अगदी शांत. नळावर रांगेत उभा राहिलेल्या माणसाचा असतो तसा.

तेव्हा फाळणीला वर्ष होत आलं होतं. लढाईच्या काळात सोल्जरांसाठी बांधलेल्या बराकींत सिंधमधून आलेली माणसं भरली होती. उल्हासनगर हे नाव अजून पडायचं होतं. सगळे नुसतं कॅम्प म्हणत. सिंधी मुलांना मराठी शिकवायला म्हणून मला तिथल्या शाळेत नेमलं आणि बराकीतली एक खोली दिली. आमचे हे अंबरनाथच्या एका कारखान्यात टाइमकीपर होते. पाच नंबर कॅम्पातून त्यांना पायी जाता येई, म्हणून आम्ही तिथेच संसार मांडला. खोली म्हणजे लांबलचक बराकीचा एक तुकडा. आमच्या आणि शेजारच्या तुकड्यामध्ये गोणपाटाची भिंत, आणि तिच्यापलीकडे मिस्त्री आणि त्यांची बायको.

मिस्त्री मूळचे राजापूरकडचे. वडील कराचीच्या गोदीत लोहारकामाला गेले, मिस्त्री तिथेच जन्मले, तिथेच त्याच कामाला लागले. मराठी बोलत, पण मधेच एखादा सिंधी शब्द येई आणि तो आल्याचं त्यांना कळतही नसे. सिंध्यांना ते मराठी वाटत, इथल्या मराठी माणसांना सिंधी. रेशनच्या कचेरीत एक कारकून म्हणे, तुम्ही निर्वासितांत बसत नाही. दुसरा म्हणे, तुम्ही इथले कसे? गावी भावांनी घर वाटून घेतलं होतं. त्यांचं पत्र आलं होतं ते मिस्त्रींनी मला वाचायला दिलं. ‘चार दिवस येऊन जा’ असं त्यात लिहिलं होतं. ‘राहायला या’ असं नव्हतं.

बायकोला आम्ही काकू म्हणत असू. गोऱ्या, ठेंगण्या, नीटनेटक्या बाई. पदर कधी ढळलेला दिसायचा नाही. आल्यागेल्याशी गोड बोलत, निवडटिपण करीत, आणि मग बोलता बोलता एकदम उठत. ‘अगं बाई, दूध ठेवून आलेय,’ म्हणून चपला घालून चालायला लागत. दूध होतं कराचीला. ज्या सकाळी घर सोडावं लागलं त्या सकाळी त्यांनी शेगडीवर दूध तापत ठेवलं होतं, आणि ते उतरवायला त्यांना परत जायचं होतं. त्या सकाळी आणखी काय घडलं, गल्लीत त्यांनी काय पाहिलं, ते मिस्त्रींनी कधी सांगितलं नाही. मी एकदा विचारलं तर म्हणाले, “दुधापर्यंतच तिला आठवतं. तेवढंच बरं आहे.”

पहिले चार-पाच महिने मिस्त्री काही काम करू शकले नव्हते. दिवसभर बायकोच्या मागे फिरायचे. ती कल्याणच्या रस्त्याला लागली की दहा पावलांवरून मागे जायचे, थकली की गोड बोलून परत आणायचे. मग एकदा बादलीचं कडं वाकडं झालं म्हणून ते दाराशी बसून दगडावर ठोकत होते. काकू चपला घालून निघाल्या होत्या. ठोकण्याचा आवाज ऐकून थांबल्या, चपला काढल्या, आत जाऊन पीठ मळायला बसल्या. मिस्त्रींनी ठोकणं थांबवलं तशा पुन्हा बाहेर आल्या. कराचीत त्यांचं घर गोदीतल्या कारखान्याच्या भिंतीला लागून होतं. लोखंडाचा आवाज येतोय म्हणजे नवरा कामावर आहे आणि आपण घरी आहोत, असं त्यांच्या मनात पक्कं बसलं होतं. घरीच असल्यावर दूध उतू जाण्याची काळजी कशाला? त्या दिवशी मिस्त्रींनी त्या बादलीचं कडं संध्याकाळपर्यंत ठोकलं. शेवटी बादलीच निकामी झाली.

दुसऱ्या दिवसापासून ते भंगार जमवायला लागले. लष्कर गेलं तेव्हा मागे पुष्कळ काही सोडून गेलं होतं, आणि लोकूमल नावाचा एक सिंधी भंगारवाला ते ढिगाने विकत घेऊन बसला होता. मिस्त्री लांब जाऊ शकत नसत, म्हणून लोकूमलच हातगाडी बराकीच्या मागे आणून उभी करी. रुळाचा एक हातभर तुकडा त्याने आणला, तो दोघांनी मिळून उतरवला. बाभळीच्या बुंध्याला खाच पाडून मिस्त्रींनी तो रूळ त्यात बसवला, ती ऐरण. मोटारीच्या चाकाचा लोखंडी ड्रम वालधुनी नदीच्या काठच्या मातीने आतून लिंपून घेतला, ती भट्टी. काडतुसांच्या खोक्यांच्या फळ्या आणि तंबूचं कापड यांचा भाता केला. कापडातून हवा सुटे, म्हणून त्याला अळशीचं तेल पाजून चार दिवस उन्हात ठेवलं. फळ्यांवरची पांढरी इंग्रजी अक्षरं तशीच होती. भाता वर-खाली झाला की ती वाचता येत. भाता ओढायला माणूस ठेवायची ऐपत नव्हती, म्हणून एका मोडक्या ट्रकचं पेडल दोरीने बांधून तो पायाने चालवायची सोय केली. डांबराची तीन पिंपं एकावर एक चढवून धुराडं उभं केलं. कल्याणला इंजिनांची राख पडते, तिच्यातून अर्धवट जळलेला कोळसा वेचून बायका पाट्यांनी विकायला आणीत, ते जळण.

लोकूमल कमरेवर हात ठेवून हे बघत उभा होता. “साईं, ये मिलिट्री का माल है. तुम्हारे-हमारे बाद भी रहेगा,” तो म्हणाला.

“राहू दे,” मिस्त्री म्हणाले. “मला फक्त ती असेपर्यंत पुरलं पाहिजे.”

सगळं जमलं, पण सांडशी नव्हती, आणि सांडशीशिवाय तापलेलं लोखंड धरायचं कसं? मिस्त्रींनी दोन लांब सळ्या घेतल्या. एक टोक भट्टीत लाल झालं तरी दुसरं हातात धरण्याइतकं थंड राहील एवढ्या लांब. त्यांच्यातून सांडशीचे दोन्ही पाय घडवले, मग जादा लांबी तोडली आणि मधे खिळा ठोकला. मला ती दाखवताना त्यांचा चेहरा पहिल्यांदा थोडा उजळला. “एकदा एवढी झाली ना बाई,” ते म्हणाले, “की मग बाकी सगळं हिच्या जोरावर होतं.”

ही सगळी मांडामांड त्यांनी मागच्या दारासमोर अशी केली होती की ऐरणीशी उभं राहिलं की घरातलं दिसावं. पुढचं दार आतून सरळ समोर येई. काकू चुलीपाशी आहेत की दाराकडे निघाल्या, हे त्यांना मान न वळवता कळे. ऐरणीपासून मागच्या दारापर्यंत पाच पावलं, तिथून पुढच्या दारापर्यंत सहा. या अकरा पावलांत त्यांनी पुढची आठ वर्षं काढली. न्हावी घरी येई. महाशिवरात्रीला आख्खा कॅम्प अंबरनाथच्या देवळात लोटे, मिस्त्री तिथूनच हात जोडत. बदलापूर-बेलवलीकडचे शेतकरी विळे-कोयते घेऊन येत तेव्हा त्यांना ते उगाच विचारीत, “वाटेत काय काय लागलं? आंब्यांना मोहर आलाय का?” बोलणाऱ्याला वाटे, मिस्त्रींना शेतीची आवड आहे. त्यांना वाटेची आवड होती.

त्यांच्या हाताला मात्र तोड नव्हती. मोटारीच्या स्प्रिंगच्या पाट्यांचे कोयते ते असे घडवीत, आणि लाल झालेल्या पात्याला असं बेताचं पाणी देत, की एकदा धार लावली की वर्षभर बघायला नको. कुणी खोलात काही विचारायला लागलं, पाकिस्तानचं, घरचं, काकूंचं, की ते भट्टीकडे वळत आणि म्हणत, “थांबा, ताव जाईल.” तापलेल्या लोखंडाचा ताव जाण्याआधी घाव घालावा लागतो हे खरंच. पण भट्टीत काही नसलं तरी ते तसंच म्हणत आणि भाता दाबायला लागत. पुढे पुढे आमच्या घरातही ते रूढ झालं. नको तो विषय निघाला की हे मला म्हणायचे, “थांब, ताव जाईल.”

बराकींच्या दारांना धड कड्या नव्हत्या. आमच्या ओळीतल्या जवळपास सगळ्या घरांच्या कड्या-कोयंडे मिस्त्रींनी केले. एकदा समोरच्या ईश्वरीबाईंनी त्यांना सुचवलं की एक कडी तुमच्या दाराला बाहेरून लावा, म्हणजे तुम्हाला चार तास कुठे जाता येईल. ईश्वरीबाई प्रेमळ होत्या, पापड लाटून पाच माणसांचं घर चालवीत होत्या. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. मिस्त्री हातातलं काम थांबवून म्हणाले, “माई, मी कड्या करतो त्या आतून लावायच्या.” एवढंच. पण त्या दिवशी त्यांनी ईश्वरीबाईंकडचा चहा घेतला नाही.

माझ्या यजमानांना मात्र हे सगळं बघवत नसे. एक दिवस ते कारखान्यातून बातमी घेऊन आले. लोहारखात्यात हत्यारं घडवणारा माणूस हवा होता. पक्की नोकरी, राहायला क्वार्टर, म्हातारपणी पेन्शन. यांनी मिस्त्रींनी केलेली एक छिन्नी फोरमनला नेऊन दाखवली होती. फोरमन म्हणाला होता, त्या माणसाला घेऊन या, एक दिवस हात बघतो.

“मला कसं जमेल?” मिस्त्री म्हणाले.

“एक दिवस तरी या,” हे म्हणाले. “क्वार्टर कारखान्याच्या भिंतीला लागून आहे. दिवसभर घणाचा आवाज येतो. काकूंना कराचीसारखंच वाटेल.”

मिस्त्री ऐरणीकडे बघत राहिले. हा विचार त्यांना सुचला नव्हता. मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, “बाई, एक दिवस तुम्ही बसाल?”

शनिवार होता. शाळेला मी रजा सांगितली. निघताना मिस्त्रींनी मला लहान हातोडा दिला, कसा धरायचा दाखवलं, आणि म्हणाले, “थोड्या थोड्या वेळाने देत जा. जोर नको, ठोक्यांची बारी नको चुकायला.” धुतलेला सदरा घालून ते यांच्याबरोबर निघाले. कोपऱ्यापर्यंत जाईतो त्यांनी तीनदा मागे बघितलं.

सकाळ चांगली गेली. मी ठोके देत होते आणि काकू तांदूळ निवडत होत्या. एकदा दारात येऊन म्हणाल्या, “आज कामावर कोण आहे? हात कच्चा आहे.” मला हसू आलं. अकराच्या सुमाराला शाळेचा शिपाई धावत आला. इन्स्पेक्टर अचानक तपासणीला आले होते, आणि माझ्या वर्गाचं हजेरीपुस्तक कपाटात होतं त्याची किल्ली माझ्याकडे. मी किल्ली त्याच्या हातात देऊ केली, तर म्हणाला, “तुम्हीच या बाई, साहेबांनी तुमचं नाव घेतलंय.” नोकरी अजून पक्की झालेली नव्हती. ईश्वरीबाई नळावर गेल्या होत्या, ओळीत कुणी नव्हतं. शाळा पाच मिनिटांवर. काकू शांत बसलेल्या. मी मागचं दार आतून लावून त्याची कडी दोरीने आवळून बांधली, पुढच्या दाराबाहेर आले, आणि दार ओढायच्या कड्याला दोरी गुंडाळून चौकटीच्या खिळ्याशी गाठ मारली.

परत आले तेव्हा अर्धा तास झाला होता. गाठ तशीच होती. आत काकू नव्हत्या. मागच्या भिंतीला मिस्त्रींनी जुना पत्रा ठोकला होता, तो एका कोपऱ्यातून उपटून काढलेला. पत्र्याच्या कडेला रक्त होतं.

आम्ही सगळीकडे धावलो. मी वालधुनीच्या काठी गेले, ईश्वरीबाई बाजाराकडे. दुपार टळायला आली तेव्हा लोकूमलची हातगाडी आली. काकू भंगारावर पोतं टाकून त्यावर बसल्या होत्या, दोन्ही हात लोकूमलच्या मुंडाशाच्या कापडाने बांधलेले. कल्याणच्या रस्त्यावर येणाऱ्या-जाणाऱ्या टांग्यांना त्या थांबवून बंदराचा रस्ता विचारीत होत्या. मला बघून म्हणाल्या, “कुणीतरी दार लावून घेतलं गं. दूध तसंच राहिलं.”

मिस्त्री दिवेलागणीला आले. हे दुपारीच कामावरून परतले होते, आणि मिस्त्रींना घेतल्याचं, सोमवारपासून बोलावल्याचं त्यांनी मला सांगितलं होतं. मिस्त्री आपल्या आधीच निघाले असं त्यांना वाटत होतं. मिस्त्री आत आले, काकूंच्या हातांकडे बघितलं, पत्र्याकडे बघितलं. मग दाराशी गेले. दोरी अजून कड्याला लोंबत होती.

“बाई, दार बांधलं होतंत?”

“हो,” मी म्हणाले.

 ते रागावले असते, तर मला सोपं गेलं असतं. त्यांनी दोरी सोडली, गुंडाळून खुंटीला लावली, आणि मागे जाऊन भट्टी पेटवली. सोमवारी यांनी दारात उभं राहून हाक मारली तेव्हा मिस्त्री कोयता घडवत होते. “सांगा त्यांना, माणूस येत नाही,” म्हणाले. मी मध्ये पडायला गेले. “थांबा बाई, ताव जाईल.”

त्यानंतरही आमचं येणंजाणं राहिलं. वाटीभर आमटी इकडून तिकडे जात राहिली. काकूंचे तळवे बरे झाले, पण उजव्या हाताची दोन बोटं नीट मिटेनात, म्हणून पोळ्या लाटण्याचं काम मिस्त्रींकडे आलं. गोणपाटाच्या जागी विटांची भिंत आली, कॅम्पाचं शहर झालं, माझी नोकरी पक्की झाली, मला दोन मुलं झाली. त्यांना झोपवताना पलीकडून ठोके येत आणि दर ठोक्याला मला ती गाठ दिसे. जागा बदलू या, असं मी यांना किती वेळा म्हटलं असेन. पण जागा मिळत नव्हती, आणि मिळाली असती तर मी कशापासून पळत होते ते यांना सांगावं लागलं असतं.

काकू गेल्या त्या चार दिवसांच्या तापाने. शेवटच्या दिवशी त्या काही बोलल्या नाहीत, कुठे जायला निघाल्या नाहीत. तेरावा झाला आणि गावाहून पुतण्या आला. भाऊ वारले होते. पुतण्याला घरात कुणीतरी मोठं माणूस हवं होतं. त्याने ‘राहायला चला’ म्हटलं, आणि मिस्त्री हो म्हणाले.

निघायच्या आदल्या संध्याकाळी ते आमच्याकडे चहाला आले. तोपर्यंत कारखान्याची वयाची अट केव्हाच उलटून गेली होती. हे बाहेर गेले होते. इतकी वर्षं मनात धरून ठेवलेलं मी त्या दिवशी बोलले. “मिस्त्री, त्या शनिवारी मी दार बांधलं नसतं तर तुम्ही क्वार्टरमध्ये राहिला असता. काकूंचे हात वाचले असते. तुमचं सगळं मी घालवलं.”

मिस्त्रींनी कप खाली ठेवला. भट्टी आता नव्हती, आणि ताव जाईल असं म्हणून वळायला त्यांना जागाही नव्हती.

“बाई, मी त्या दिवशी किती वाजता आलो?”

“दिवेलागणीला.”

“काम माझं बाराला संपलं होतं. कागद हातात मिळाला. सोमवारपासून या म्हणाले. बाहेर आलो तर रस्ता मोकळा. मागे कुणी नाही, पुढे कुणी नाही. घराकडे वळायचं ते मी अंबरनाथ स्टेशनात गेलो. पुण्याच्या बाजूची गाडी आली, तिच्यात बसलो. तिकीटसुद्धा काढलं नव्हतं.”

मी त्यांचा कप बाजूला सरकवला.

“तुम्ही तिला अर्धा तास बांधलंत, बाई. मी तिला सोडून निघालो होतो. कायमचा. बदलापूरला गाडी थांबली, मी उतरलो, आणि रुळाच्या कडेने चालत परत आलो. म्हणून उशीर झाला. घरी येऊन तिचे हात बघितले, तुमचं तोंड बघितलं. तुम्हाला मी काय बोलणार होतो? आणि नोकरी घेतली की ते स्टेशन रोज जवळच असणार होतं. पुन्हा उतरेन याची मला खात्री नव्हती.”

“मग त्या दिवशी उतरलात कशाने?”

 “माहीत नाही,” ते म्हणाले. “विचार करून नाही उतरलो. विचार केला असता तर पुढेच गेलो असतो.”

दुसऱ्या दिवशी सकाळी ते गेले. गावाहून एक पत्र आलं, सुखरूप पोचल्याचं. पुढे तीन-चार वर्षांनी पुतण्याचं आलं, ते गेल्याचं.

आम्ही नंतर बदलापूरला बेलवलीत घर बांधलं. निवृत्त झाल्यावर तिसऱ्याच वर्षी यांना अर्धांगाचा झटका आला, त्याला आता सहा वर्षं झाली. उठवणं, बसवणं, भरवणं सगळं मीच करते. यांची जीभ जड झाली आहे, पण मी नजरेआड झाले की हाक मात्र स्पष्ट येते. कधी कधी दुपारी यांचा डोळा लागला की मी दार नुसतं ओढून घेते आणि बाहेर पडते. स्टेशनपर्यंत जाते, बाकावर बसते. एखादी गाडी येते, जाते. मनात काय काय येतं ते मी कुणाला सांगत नाही, आणि त्याची आता लाजही वाटून घेत नाही. मिस्त्रींसारख्या माणसाच्या मनात ते आलं होतं. मग उठते आणि घराकडे चालू लागते.